रवा, साबू आणि मार्गळीची थंडी

तंजावूरच्या थंडीने माणूस मेल्याचं मी या वयापर्यंत ऐकलेलं नाही. तरी डिसेंबरच्या मध्यात मार्गळी महिना लागला की आमच्या गल्लीतले सगळे पुरुष हिमालयात निघाल्यासारखे कानांना मफलर गुंडाळून दूध आणायला जात. अप्पा त्यांतले पुढारी. कचेरीत ते हेडक्लार्क होते, फायलीत चूक सापडली तर साहेबालाही सोडत नसत. पण पहाटे उघड्या कानांनी अंगणात पाऊल टाकलं की पनी कानात शिरते, तिथून छातीत उतरते आणि पुढचा तै महिना उजाडायच्या आत माणूस आटोपतो, यावर त्यांचा वेदांइतका विश्वास होता. पनी म्हणजे दव. पण आम्ही घरात मराठी बोलतानाही त्याला पनीच म्हणायचो, कारण दवाला कुणी भीत नाही. अशा घरात वाढलेल्या मुलीच्या हाती ससे पडले, तर तिने त्यांच्या थंडीची काळजी कशी घेतली असेल, याचा अंदाज वाचणाऱ्याने आत्ताच करावा. ससे थंडीने मेले नाहीत, हेही आत्ताच सांगून टाकते.

ससे आणले ते अम्माच्या भावाने, ओरत्तनाडूच्या मामाने. त्या वर्षी मला विषमज्वर झाला होता. ताप उतरला, पण जाताना केस घेऊन गेला. कंगव्यात, उशीवर, न्हाणीच्या मोरीत, जिकडे तिकडे माझे केस, आणि डोक्यावर मात्र उंदराच्या शेपटीएवढी वेणी. मी सतरा वर्षांची, सुकलेली, खोल गेलेल्या डोळ्यांची, आणि मला वाटायचं मी आजारातून उठलेल्या एखाद्या राजकन्येसारखी दिसते. खिडकीत बसून मी उगाच सुस्कारे टाकायची. मामा आला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "सरू, तू अशी बसलीस तर रस्त्याने जाणारे आत डॉक्टर आहे का विचारतील गे." पुढच्या खेपेला तो टोपलीत दोन पांढरे ससे घेऊन आला. लाल डोळ्यांचे, एकसारखे नाक हलवणारे. मी एकीचं नाव रवा ठेवलं, दुसऱ्याचं साबू. अप्पा म्हणाले, "उपम्याची सोय झाली." अम्माने पदर नाकाला लावला आणि सांगितलं की ही जनावरं परसातल्या विहिरीच्या अलीकडे यायची नाहीत.

आमच्या अम्माबद्दल इथे सांगायला हवं. ती सोवळ्याची होती. आमच्या घरात कांदा यायचा तो मागच्या दाराने, आणि अप्पांना सर्दी झाली म्हणूनच. लसणाचं नावसुद्धा काढायचं नाही. मुंगीच्या रांगेवर पाय पडला तर ती "कृष्णा कृष्णा" म्हणून पाय धुवायची. तिचा हात मात्र रुक्ष. मला तापात तिने सगळं केलं, पेज भरवली, कपडे बदलले, पण केलं ते पूजेची भांडी घासावीत तसं, नीट आणि न बोलता. माझ्या वयाच्या बाकीच्या मुलींच्या आया त्यांच्या कानात काहीबाही सांगत आणि दोघी हसत. अम्मा माझ्याशी बोलायची ते "ताट घे", "दिवा लाव", "पाय आवर". तेव्हा मला तेच आईपण वाटायचं, कारण दुसरं मी कुठे बघितलं होतं?

मार्गळी लागली. त्या महिन्याचे आवाज आजही माझ्या कानांत आहेत. अजून अंधार असतानाच देवळाचा कर्णा खरखरायचा. मग भजनाची मंडळी झांजा वाजवत गल्लीतून जायची, त्यांच्यातले एक आजोबा नेहमी अर्धी ओळ मागे. दारोदार सडा, तांदळाच्या पिठाचं कोलम, मधोमध शेणाच्या गोळ्यात खोवलेलं भोपळ्याचं पिवळं फूल. स्वयंपाकघरातून तुपात तडतडणाऱ्या मिऱ्यांचा वास, नैवेद्याचं पोंगल, सोबत उडदाच्या पिठाची, दह्यातली डांगर पच्चडी, आणि अप्पांचं खोकणं. अशा वेळी मी परसात जायची, आणि बघायची तर रवा आणि साबू एकमेकांना चिकटून कोपऱ्यात गोळा झालेले. मी ठरवलं की हे गारठून मरणार आणि यांना वाचवायला देवाने मलाच नेमलं आहे.

पहिला उपाय कानांचा. आमच्या घरात थंडी कानातूनच शिरायची आणि सशाला तर नुसते कानच. मी अप्पांच्या मफलरचं टोक कापलं आणि चार टोप्या शिवल्या, नाडीसकट. त्या चढवताना साबूने माझ्या मनगटावर असा ओरखडा काढला की त्याचा वण म्हणे अजून आहे. मला तरी सुरकुत्यांतून तो सापडत नाही. टोप्या ससे झटकायचे आणि मी घालायची. दुसरा उपाय त्याहून शहाणपणाचा. न्हाऊन आल्यावर बाळाला जशी सांब्राणीची, म्हणजे उदाची, धुरी देतात तशी मी त्यांच्या खोक्यात धुरी दिली, वरून चादर टाकून. ससे शिंकतात हे मला तेव्हा कळलं. अप्पा आतून ओरडले, "पूजा कोण करतंय?" परसभर धूर, मी खोकत खोकत सशांना "श्वास घ्या, श्वास घ्या" सांगतेय. आजही आरशासमोर उभी राहिले की त्या मुलीला एक चापट द्यावीशी वाटते.

माझी नात बंगळुरूला असते. तिला देवनागरी वाचता येत नाही, त्यामुळे तिच्याबद्दल मी इथे हवं ते लिहू शकते, ती सोय आहे. तिच्या आईकडून ऐकलेलं मराठी तिला समजतं आणि उत्तर ती इंग्रजीत देते. तिच्या मैत्रिणीने ससा पाळला आहे. तर परवा तिने फोनमध्ये बघून मला वाचून दाखवलं की सशाला गारठा चालतो, ओल आणि वाऱ्याचा झोत चालत नाही; कोरडं गवत भरपूर द्यायचं, खोकं जमिनीपासून उंच ठेवायचं, आणि ऊब जास्त झाली तर तो कानांवाटे ती बाहेर टाकतो, म्हणून कान मोकळे हवेत. आजीला ती पाटी म्हणते. "पाटी, डिड यू नो?" मी म्हटलं, ठाऊक आहे. ते मला कुणी शिकवलं, हे मात्र सांगितलं नाही.

अम्माने शिकवलं. धुरीच्या दुसऱ्या दिवशी ती आपणहून विहिरीच्या पलीकडे आली. मी ओरडा खायला तयार झाले. तिने वाकून खोक्यात बघितलं, दोघांच्या टोप्या सोडल्या, मफलरचे तुकडे बाजूला ठेवले आणि म्हणाली, "पोरी, जनावराचे कान बांधतात का कुठे? गार चालतं त्यांना. ओल चालत नाही. हात लाव खाली, बघ." मी हात लावला. खालचं गवत भिजून काळं झालं होतं. अम्मा ओरत्तनाडूची, वासरांमध्ये वाढलेली. हे मी विसरूनच गेले होते. तिने विटा रचून खोकं उंच केलं. भाताचा कोरडा पेंढा आणवला. उत्तरेकडून वारा यायचा त्या बाजूला गोणपाट बांधलं, वर मात्र फट ठेवली, कोंडायला नको म्हणून. आणि मग आत जाऊन तिने आपलं जुनं नऊवारी लुगडं आणलं, धुऊन धुऊन सायीसारखं मऊ झालेलं, आणि सशांवर घालायला माझ्यासमोर टर्रकन फाडलं.

त्यानंतर रोज पहाटे कोलम घालून झालं की अम्मा परसात यायची. आम्ही दोघी उकिडव्या बसायचो. ती भिजका पेंढा काढायची, मी कोरडा पसरायची. अगत्तीचा, म्हणजे हादग्याचा, पाला, हरळी, कधी गाजराचे शेंडे. पाणी ती विहिरीतून त्याच वेळी काढायची. शेंदल्या शेंदल्या ते कोमट असतं, हे मला तिनेच दाखवलं. मग ती रवाला मांडीवर घ्यायची, सोवळं विसरून, आणि पाठीवरून हात फिरवत दाबून बघायची. "भरलीय हं आता." साबूला उचलून म्हणायची, "हा खात नाही नीट. याला थोडे हरभरे भिजवून घाल." आणि हे करता करता ती बोलायची. तिच्या लहानपणी एक वासरू विहिरीत पडलं होतं ते. लग्न होऊन इथे आली तेव्हा आजीने तिला महिनाभर ताकाशिवाय काही दिलं नाही ते. एकदा तर अप्पांच्या खोकल्याची तिने नक्कल केली. मी इतकी हसले की रवा बिचकून उडाली. मला वाटलं, सशांनी माझी आई मला आणून दिली.

वाचणाऱ्याला कोड्यात ठेवण्याची मला हौस नाही. अम्मा काय करत होती ते ऐका. तैनंतरच्या मासी महिन्यात मला बघायला तिरुवैयारूहून माणसं येणार होती. मुलगा बँकेत, घर नदीकाठी, आपल्यांतलंच. आणि मुलीच्या डोक्यावर केस नाहीत. अम्माला कुणीतरी सांगितलं होतं की सशाच्या रक्तात कढवलेल्या तेलाने दगडावरही केस उगवतात. तेल करणारा एक वैद्यर होता. त्याचं म्हणणं, ससा आपला आणून द्या, बाजारातला चालणार नाही, आणि तो चांगला भरलेला हवा; गारठलेला किंवा आजारी नको, नाहीतर तेलाला गुण येत नाही. अम्माने तेव्हाच ससे दिले असते. पण मार्गळी होती. देवाचा महिना. या महिन्यात आमच्याकडे जीव घ्यायचा नाही, घेऊ द्यायचा नाही. म्हणून रवा आणि साबूला तै लागेपर्यंत थंडीतून सुखरूप काढणं भाग होतं. आमच्या घरातल्या अहिंसेचा हिशेब असा चोख होता.

मला यातलं काही ठाऊक नव्हतं. भोगीच्या पहाटे घराघरांपुढे जुनंपानं जाळतात, तेव्हा अम्माने सशांचं गोणपाट आणि सगळा पेंढा उचलून त्या आगीत टाकला. मी म्हटलं, "अम्मा, अजून गारठा आहे कीं." ती जाळाकडे बघत म्हणाली, "संपली आता थंडी." मला केवढा आनंद! आपण जिंकलो, दोघेही जगले, असं मी अप्पांना जाऊन सांगितलं. अप्पांनी मफलर नीट केला आणि पेपर उघडला. पोंगलच्या सणाचे दिवस झाल्यावर त्यांनी मला तिरुवैयारूला आत्याकडे नेलं, दोन रात्री राहायला. येताना मी नदीकाठचा कोवळा पाला पिशवी भरून आणला. खोकं धुऊन उन्हात पालथं घातलेलं होतं.

"मामाचा माणूस आला होता," अम्मा म्हणाली. "ओरत्तनाडूला नेले. तिकडे मोकळं रान आहे. पिलं होतील."

मी रडले, पण फार नाही. पिलं होतील म्हणाल्यावर मी त्यांची नावंही ठरवून टाकली: शेवई, पोहा, मैदा. काय मुलगी होती!

दर शुक्रवारी न्हायच्या आधी अम्मा मला पाटावर बसवून डोक्याला एक काळसर तेल चोळू लागली. वास जड होता, वर कापूर आणि मेंदीचा. "वैद्यरचं आहे," एवढंच ती सांगायची. केस काही आले नाहीत. जे होते ते चिकट झाले. परसातल्या पहाटाही संपल्या होत्या. मी एकदोनदा कोलम झाल्यावर विहिरीपाशी जाऊन बसले, अम्मा आली नाही. ती पुन्हा "ताट घे", "दिवा लाव" अशी झाली होती, आणि मला वाटायचं माझंच काही चुकलं.

मासीतला तो दिवस. सकाळपासून घरात पिट्ल्याचा आणि केशरी शिऱ्याचा वास. अम्माने माझ्या शेपटीला गंगावन गुंफून वेणी कमरेखाली नेली, वर जाईचा गजरा मांडला. मामा आदल्या गाडीने आला होता. मी जरीची साडी सावरत, वेणी हलू नये म्हणून मान ताठ धरून, स्वयंपाकघराच्या दारात त्याला गाठलं.

"मामा, रवा कशी आहे? पिलं झाली का?"

मामा वडा तोंडात घालता घालता थांबला. "कुठली रवा गे?"

"माझी. तुझ्या माणसाने नेली ना? दोघांना?"

"माझा माणूस? मला माणूस कधी झाला?" तो हसायला लागला, आणि मग त्याने अम्माकडे बघितलं. अम्मा कॉफी गाळत होती. तिने मान वर केली नाही. मामाचं हसू उतरलं. तो हळूच म्हणाला, "अक्का, तू त्या वैद्यरला... अगं, मी मस्करीत म्हटलं होतं."

"सरू," अम्मा म्हणाली, "तेल करायला दिले. तुझ्याचसाठी. आता रडायचं नाही, काजळ पसरेल. ट्रे घे."

मी ट्रे घेतला. रडले नाही. तो ट्रे समोर धरून मी पुढच्या खोलीपर्यंत कशी चालत गेले ते मला सांगता येत नाही. पायांखालची लाल फरशी गार होती एवढं आठवतं, आणि डोक्याचा तो वास, जाईच्या खालून येणारा.

मुलगा बरा होता, पापभीरू चेहऱ्याचा. त्याची आई मोठ्या कुंकवाची, सोन्याच्या पाटल्या, बोलायला गोड. तिने मला जवळ बसवलं, नमस्कार घेतला, आणि मग सगळ्या बायका करतात तसा वेणीवरून हात फिरवला. "केस मात्र फार छान गे तुझे. आजकालच्या मुलींना कुठले! कोणतं तेल लावतीस?"

अम्मा दारातून म्हणाली, "घरचंच आहे हो."

"सशाच्या रक्ताचं," मी म्हणाले. "माझेच दोन होते. अम्माने मार्गळीभर पेंढ्यात ठेवून वाढवले, आणि मग दिले."

खोलीत कुणीतरी पेला खाली ठेवला. मुलाच्या वडिलांना ऐकायला कमी यायचं, त्यांनी विचारलं, "काय म्हणाली मुलगी?" कुणी सांगेना. तेव्हा मी त्यांच्या कानाशी वाकून पुन्हा सांगितलं, मोठ्याने. वाकताना गंगावन सुटलं आणि गजऱ्यासकट त्यांच्या मांडीवर पडलं. एवढं मात्र मी मुद्दाम केलं नव्हतं. लोक आजही मानत नाहीत.

ते कॉफी न पिता गेले. सोवळ्याच्या घरात रक्ताचं तेल, म्हणजे काय राहिलं? अप्पा मफलर बांधून, भर दुपारी, बाहेर निघून गेले आणि दिवेलागणीला परतले. मामा जेवला नाही. गल्लीत दोन दिवसांत बोभाटा झाला. आणि महिना उलटला तेव्हा त्याच मोठ्या कुंकवाच्या बाईने, देवळात भेटणाऱ्या आमच्या शेजारणीकरवी, गुपचूप विचारून पाठवलं की ते तेल नेमकं कुठे मिळतं. तिच्या धाकट्या मुलीचे केस गळत होते.

माझं लग्न पुढे झालं, कुठे झालं, कसं झालं, ते या प्रकरणाचं काम नाही. केसही आले, आपणहून, विषमज्वरानंतर सगळ्यांचे येतात तसे. अम्मा शेवटपर्यंत म्हणायची, तेलाने आले. मी वाद घातला नाही. रवा आणि साबू उगाच गेले, असं मला तिच्या तोंडून ऐकायचं नव्हतं.

पण त्या शुक्रवारचं सांगायला हवं, माणसं उठून गेली त्यानंतरच्या. मला वाटलं होतं आता अम्मा ते तेल मोरीत ओतून देईल. तिने पाट मांडला. "बस." मी उभीच. वाटी तिच्या हातात होती, काळी, अर्धी भरलेली. एक हात मारला असता की सगळं फरशीवर. माझा हात उचललासुद्धा गेला. मग माझ्या मनात आलं की त्या वाटीत जे आहे तेवढंच त्यांचं उरलंय, आणि ते मोरीतून वाहून जाईल. मी पाटावर बसले.

अम्मा माझ्या मागे बसली. मग म्हणाली, "माझं पुण्य गेलं. तुझे ससे गेले. आता केसही नाही आले तर मी कुणाला तोंड दाखवू गे?"

मी विचारलं, "तू त्यांच्यावर तुझं लुगडं घालत होतीस, तेव्हा तुला ठाऊक होतं?"

"होतं कीं."

"मग?"

"मग काय?" ती म्हणाली. "थंडीत ठेवायचे होते?"

मासी असली तरी सकाळ अजून गारच होती, तेल थिजलं होतं. अम्माने वाटी चुलीतल्या निखाऱ्यापाशी नेली, फिरवली, करंगळी बुडवून बघितली, पुन्हा धरली. मला पोळू नये म्हणून. मग तिने माझं डोकं पुढे वाकवलं.